छावणीत आणलेला कोश

शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय ४ ते ६



एबन-एजरजवळ इस्राएलाचा मोड होऊन सुमारे ४,००० माणसे पडली, तेव्हा वडील जनांनी प्रश्न अगदी योग्य विचारिला, की परमेश्वराने आज असे का होऊ दिले? परंतु उत्तराची वाट पाहण्याइतका धीर त्यांस नव्हता. त्यांनी शिलोहून कराराचा कोश छावणीत आणविला, आणि तो येताच असा जयघोष झाला की भूमी दणाणली. जयघोष करणारे ढोंगी होते असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. त्यांचा भाव खरा होता; म्हणूनच ही गोष्ट भयंकर आहे. पुढल्या लढाईत ३०,००० पायदळ पडले आणि कोश पलिष्ट्यांच्या हाती गेला.

ज्या अमेरिकेतून १८१३ साली मुंबईस पहिले मिशनरी आले, त्या देशातील मंडळ्यांची हकीकत मला या पाठावरून नेहमी आठवते. त्यांची निंदा करावी असा माझा हेतू नाही. ज्यांच्या हातून आपणांस शुभवर्तमान मिळाले त्यांच्या घरचे दुःख ते आपलेच दुःख होय.

व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग येथे जेरी फॉलवेल नावाचे बाप्टिस्ट पाळक होते. मार्च १९६५ मध्ये अलाबामातील सेल्मा गावी कृष्णवर्णीय लोक मताच्या हक्कासाठी मोर्चे काढीत होते, आणि पुष्कळ पाळक त्यांच्यासंगे चालत होते. त्याच महिन्यात फॉलवेल यांनी उपदेश केला, की पाळकाचे काम आत्मे जिंकण्याचे. मोर्चे व राजकारण हे त्याचे काम नव्हे. पुढे १९७९ साली त्यांनीच ‘मॉरल मेजॉरिटी’, म्हणजे नीतिमान बहुमत, या नावाची राजकीय संस्था उभारिली, व आपला जुना उपदेश चुकीचा होता असे सांगितले. मनुष्याने आपले मत सुधारावे यात पाप नाही. परंतु नीट पाहा : १९६५ साली मौनाने आणि १९७९ साली घोषणेने, व्यासपीठ दोन्ही वेळा जुन्या व्यवस्थेच्याच बाजूस उभे राहिले. उपदेश बदलला, बाजू मात्र बदलली नाही. तेव्हा वचन बाजू ठरवीत होते, की बाजूच वचन निवडीत होती?

त्या लोकांचे दुःख खोटे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सरकारी शाळांतील ठरीव प्रार्थना बंद केली. १९७३ साली गर्भपातास मोकळीक दिली. न जन्मलेल्या लेकराविषयी ज्याचे मन कळवळते त्याला मी हसणार नाही. परंतु याच गाऱ्हाण्यांत आणखी एक मिसळलेले होते, आणि ते सांगताना आवाज खाली आणावा लागतो : वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती शाळांची करमाफी सरकार काढू पाहते, हा राग. पवित्र व अपवित्र अशी दोन्ही ओझी एकाच गाडीत भरली गेली.

१९८० च्या निवडणुकीत एका बाजूस जिमी कार्टर होते. ते आपल्या गावच्या देवळात शब्बाथ शाळेचा वर्ग घेणारे गृहस्थ. राष्ट्राध्यक्षपद गेल्यावरही म्हातारपणापर्यंत त्यांनी तो वर्ग सोडला नाही. दुसऱ्या बाजूस रिपब्लिकन पक्षाचे रोनाल्ड रेगन होते. (आपल्याकडील त्या नावाच्या पक्षाशी याचा संबंध नाही.) पाळकांच्या एका मोठ्या सभेत रेगन म्हणाले, की तुम्हांला मला उघड पाठिंबा देता येत नाही, पण माझा तुम्हांला आहे. सभा आनंदली. त्या जयघोषाने भूमी दणाणली असेल.

रेगन निवडून आले. शाळेतील प्रार्थनेसाठी मांडलेली घटनादुरुस्ती १९८४ साली सिनेटात पडली, आणि १९८९ साली ती संस्थाही बंद झाली. तथापि कोशाने काहीच मिळवून दिले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल; २०२२ साली न्यायालयाने १९७३ चा निकाल फिरविला. म्हणजे लढाई एका परीने जिंकलीसुद्धा. आणि कोश? शुभवर्तमानावरून ज्यांना नाव पडले, त्या मंडळ्यांचे नाव ऐकताच आज तेथील पुष्कळांना एक पक्षच आठवतो. १९७२ च्या सुमारास आपला कोणताच धर्म नाही असे म्हणणारे तेथे शंभरात पाच होते. आता तीसच्या जवळ आहेत. याला कारणे अनेक. परंतु त्यांत हेही एक असल्याचे काही अभ्यासक मानितात.

प्रसिद्ध सुवार्तिक बिली ग्रॅहम मात्र त्या संस्थेत गेले नाहीत. ते आधी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या फार निकट गेले होते व त्याचा चटका त्यांस बसला होता. वृद्धापकाळी त्यांनी कबूल केले, की राजकारणापासून आपण अधिक दूर राहावयास हवे होते.

कोणी म्हणेल, पाळकबाबा, अमेरिका लांब आहे. आहे खरी. पण काही वर्षांपूर्वी निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार माझ्या देवळात आला. दारू बंद व्हावी, जुनी मर्यादा राहावी, असे तो बोलत असे आणि ते मलाही पटत असे. उपासनेनंतर मी त्याला व्यासपीठाशेजारी उभे राहून बोलू दिले. इतकेच नव्हे, त्याच्यासाठी प्रार्थनाही केली, आणि ती प्रार्थना मी अंतःकरणापासून केली. पुढल्या प्रभुभोजनाला दोन घरे आली नाहीत. त्यांचा उमेदवार दुसरा होता. त्यांतील एका म्हाताऱ्या आईने मला विचारिले, “बाबा, मी आता कोणाच्या मेजाजवळ यायचं? प्रभूच्या, की त्यांच्या?” मला उत्तर सुचले नाही. मी तिच्या ओट्यावर तसाच बसून राहिलो.

उपदेशक बंधूंना एक विनंती. हा पाठ मंडळीत वाचाल तेव्हा चौथ्या अध्यायाशी थांबू नका, सहावाही वाचा. पलिष्ट्यांनी कोश नव्या गाडीवर ठेविला, दोन दुभत्या गाई जुंपल्या, वासरे घरी कोंडून ठेविली. हाकणारा कोणी नव्हता. ज्याच्या गोठ्यात गाय आहे त्याला ठाऊक आहे, की वासरू मागे असता गाय पुढे पाऊल टाकीत नाही. त्या मात्र हंबरत, उजवीडावीकडे न वळता, सरळ वाटेने चालत गेल्या. बेथ-शेमेशचे लोक तेव्हा खोऱ्यात गहू कापीत होते. त्यांनी डोळे वर केले, तो कोश येताना दिसला.