कार्डिनलच्या कचेरीतल्या फायली

चिलीतल्या हुकूमशाहीविरुद्ध कॅथलिक चर्चने जे केले ते मला प्रार्थनेपेक्षा कारकुनीच्या जवळचे वाटते, आणि हे मी कौतुकाने म्हणतो आहे.

11 सप्टेंबर 1973 रोजी जनरल पिनोशे यांनी आयेंदे यांचे निवडून आलेले सरकार उलथवले. माणसे घरातून, शेतातून, कारखान्यातून उचलली जाऊ लागली. महिनाभरात सान्तियागोत कॅथलिक, लुथेरन, ज्यू अशा मंडळींनी मिळून एक शांतता समिती काढली. 1975 संपता संपता पिनोशेंनी कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेझ यांना ती बंद करायला लावली. कार्डिनलनी ऐकले आणि 1 जानेवारी 1976 पासून तेच काम धर्मप्रांताचे अधिकृत खाते म्हणून सुरू केले. त्याचे नाव ‘व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद’. समिती मोडता येते. चर्चच्या खात्याला टाळे ठोकायचे तर रोमशी उघड वैर घ्यावे लागते. ख्रिस्ती संस्कृतीचे रक्षक म्हणून मिरवणाऱ्या राजवटीला ते परवडणारे नव्हते.

कचेरी कॅथेड्रलला लागून, शहराच्या मुख्य चौकात. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा नेलेला. बायका येऊन बसत. त्यांना विचारले जाई: कधी नेले, गाडी कसली होती, अंगावर गणवेश होता का, पाहिले कोणी. सांगितलेले टाइप होई आणि त्यावरून वकील बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज टाकत. न्यायालयांनी असे हजारो अर्ज जवळजवळ सरसकट फेटाळले. वकील तरीही पुढचा अर्ज टाकत राहिले. यात भोळेपणा नव्हता. अर्ज फेटाळायचा म्हटला तरी त्यावर तारीख पडते, शिक्का बसतो, माणसाचे नाव सरकारी दप्तरात जाते. चिलीच्या प्रतिनिधीने 1975 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात सांगितले होते, की बेपत्ता म्हणवणाऱ्यांपैकी अनेक जण मुळात अस्तित्वातच नाहीत. अशांपुढे माणूस मेला हे नंतर, तो होता हे आधी सिद्ध करावे लागते.

चर्चला हे जमले याचे मला नवल वाटत नाही. बाप्तिस्मा, लग्न, मरण यांच्या वह्या शतकानुशतके लिहिणारी ही संस्था. वसईतल्या नाहीतर गोव्यातल्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाला विचारा. पणजोबांचा पत्ता कचेरीत लागला नाही तरी चर्चच्या वहीत लागतो.

1978 च्या नोव्हेंबरात चर्चकडे कुणीतरी खबर आणली. व्हिकारियाची माणसे लोंकेन गावाजवळच्या चुन्याच्या बंद भट्ट्यांपाशी गेली आणि आत मानवी अवशेष सापडले. ते 15 जणांचे होते. इस्ला दे माइपो इथून ऑक्टोबर 1973 मध्ये पोलिसांनी नेलेल्यांचे. त्यात एक बाप आणि त्याचे चार मुलगे. बेपत्ता माणसे परदेशात पळाली आहेत, ही सरकारी कथा तिथे संपली.

व्हिकारियाच्या टेबलामागे बसणारे सगळेच श्रद्धाळू नव्हते. दप्तर सांभाळणारे होसे मानुएल परादा तर कम्युनिस्ट. मार्च 1985 मध्ये पोलिसांच्या माणसांनी त्यांना पळवून नेले आणि आणखी दोघांसह गळा चिरून मारले. कार्डिनलच्या छपराखाली कम्युनिस्ट माणूस बेपत्तांची यादी लिहितो, हे चित्र दोन्हीकडच्या कर्मठांना आजही पचत नाही.

मग हे श्रद्धेने घडवले का? अँडीज ओलांडून अर्जेंटिनात जा. तोच पोप, तीच प्रार्थना, तेच 1963 चे ‘पाचेम इन तेरिस’ हे परिपत्रक, ज्यात तेविसाव्या जॉन यांनी मानवी हक्कांची यादीच दिली होती. (त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी नवव्या पायसनी धर्मस्वातंत्र्याला चुकांच्या यादीत घातले होते, तेही विसरू नये.) तिथल्या लष्करी राजवटीपुढे बहुतेक बिशप गप्प बसले. पोलिसांचा धर्मगुरू क्रिस्तियान फॉन व्हेर्निख याला तर छळ आणि खुनांतल्या सहभागासाठी 2007 मध्ये जन्मठेप झाली. धर्मवचन दोन्ही देशांत एकच होते. सान्तियागोच्या कार्डिनलनी संस्थेचे वजन कुणाच्या पारड्यात टाकायचे ते ठरवले, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडे असे वजन पाठीशी नसताना झारखंडात जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांनी तेच काम केले: खटल्याविना सडणाऱ्या आदिवासी कच्च्या कैद्यांची माहिती गोळा केली, उच्च न्यायालयात गेले. भीमा कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांना अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले होते. कंपवातामुळे पेला धरवत नव्हता, तर तळोजा तुरुंगात नळीच्या पेल्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी, वांद्र्याच्या इस्पितळात ते कच्चे कैदी म्हणूनच वारले.

चिलीच्या गोष्टीला मात्र आणखी एक बाजू आहे आणि ती गाळणे बरे नव्हे. 1989 मध्ये लष्करी सरकारी वकिलाने व्हिकारियात उपचार घेतलेल्यांच्या नोंदी मागितल्या. तेव्हाचे प्रमुख बिशप सर्हियो वालेच यांनी त्या द्यायला साफ नकार दिला. 2018 मध्ये पुन्हा सरकारी वकील चर्चच्या दारात आले. या वेळी त्यांनी छापे घातले ते पुरोहितांनी केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या अंतर्गत चौकश्यांची कागदपत्रे जप्त करायला. व्हिकारियाचे पहिले प्रमुख क्रिस्तियान प्रेच्त यांना अशाच आरोपांवरून त्याच वर्षी पोप फ्रान्सिस यांनी पुरोहितपदावरून दूर केले. वालेच यांनी कागद अडवले ते सोसणाऱ्यांना वाचवण्यासाठी. 2018 मध्ये कुलूपबंद कपाटांआड कोणाला वाचवले जात होते, ते चिलीच्या लोकांना सांगावे लागले नाही.