घरी परतल्यावरचे पहिले कृत्य



दीक्षाभूमीहून किंवा चैत्यभूमीहून घरी परतल्यावर, अथवा घरातल्या माणसाचे पुण्यानुमोदन आटोपून दुसऱ्या दिवशी कामाला लागताना, तुम्ही सर्वप्रथम काय करता? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु माणसाच्या मनात कोणता धर्म वस्तीला आहे हे समारंभात कळत नाही. समारंभ संपून रोजची चूल पेटते तेव्हा कळते.

अनेक घरांत अजूनही उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकतात, मीठ-मोहरीने दृष्ट काढतात. कोठे सुतक फिटले म्हणून घरभर गोमूत्र शिंपडतात. म्हातारी माणसे म्हणतात, "चालत आले आहे, केले तर काय बिघडले?" काय बिघडते ते पाहा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे शेण-गोमूत्राने 'शुद्ध' करून घेतले. ज्या गोमूत्राने तुमच्या वाडवडिलांचा स्पर्श धुऊन काढला, तेच तुम्ही आपल्या उंबऱ्यावर शिंपडणार काय? विटाळाची कल्पना घरात जपायची आणि सभेत अस्पृश्यतेविरुद्ध बोलायचे, हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाही.

मग घर अगदी ओकेबोके ठेवायचे काय? नाही. राजगृहात सिगाल नावाचा गृहस्थपुत्र पहाटे ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना नमस्कार करी. मरताना वडिलांनी तसे सांगितले, एवढेच त्याला ठाऊक. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही. त्यांनी दिशांचा अर्थच पालटला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-कामकरी आणि वरची म्हणजे श्रमण. कामकऱ्याला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न-वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, वेळेवर सुटी द्यावी. हाच त्या दिशेचा नमस्कार.

तुम्हीही असेच करा. दीक्षाभूमीहून आणलेल्या पुस्तकाचे पहिले पान घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडून सर्वांना वाचून दाखवायला सांगा. सकाळी कामावर निघण्यापूर्वी सर्वांनी मिळून त्रिशरण-पंचशील म्हणा. मरण झालेल्या घरातून कामावर जाताना मागे राहिलेल्या विधवा बाईला पुढच्या महिन्याच्या खर्चाचे विचारा. आणि प्रवासाचे कपडे, भांडी एकट्या घरच्या बाईवर टाकून पुरुष गप्पांना निघून गेला, तर पश्चिम दिशेचा नमस्कार राहिला असे समजा.

मात्र सावध राहा. याचेही कर्मकांड होऊ शकते. शीलव्रतांना नुसते चिकटून राहणे हेही तथागतांनी बंधनांतच गणले आहे. एखाद्या दिवशी वंदना चुकली आणि आई मुलाला म्हणाली, "आता परीक्षेत नापास होशील," तर देव्हाऱ्याबरोबर बाहेर काढलेली भीती मागच्या दाराने परत आली.

म्हणून प्रत्येक रीतीला दोन प्रश्न विचारा. ही भीतीपोटी आहे की कर्तव्याची आठवण म्हणून? ही कोणाला दूर ठेवते की जवळ घेते? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी बाबासाहेबांबरोबर प्रतिज्ञा उच्चारल्या. त्या पाळायच्या जागा मात्र तुमचा उंबरा, तुमची चूल आणि तुमची उद्याची सकाळ याच आहेत.

जयभीम!