ढकलपास

मी तिसरीतून चौथीत गेलो तो स्वतःच्या पायांनी गेलो नाही. मला ढकलण्यात आलं. ही गोष्ट मी इतकी वर्षं लपवून ठेवली होती. नोकरीत असताना सांगायची सोय नव्हती. कारण मी स्वतःच प्राथमिक शिक्षक होतो, आणि 'आपले गुरुजी तिसरीत गटांगळ्या खाल्लेले आहेत' हे पोरांना कळलं असतं तर त्यांनी मला पाढे म्हणून दाखवायला सांगितलं असतं. आता पेन्शनीत निघालो आहे. पेन्शनर माणसानं खरं बोलायला हरकत नाही, कारण त्याचं कुणी ऐकत नाही.

तर 1 मे 1974. गाव नरडाणा. निकालाचा दिवस म्हणजे महाराष्ट्र दिनच. सकाळी झेंडा, मग निंबाच्या झाडाखाली निकालाचं वाचन. खानदेशात मे महिन्यात सकाळी आठ वाजताच ऊन असं लागतं की नापास झालेला पोरगा घामानं भिजला आहे की रडतो आहे, हे लांबून ओळखू येत नाही. ती एक त्या उन्हाची मेहेरबानी. गुरुजी एकेक नाव वाचत. ज्याचं नाव आलं तो पास. ज्याचं आलंच नाही त्यानं काय ते समजून घ्यायचं. माझं नाव येत नव्हतं. यादी संपली. गुरुजींनी चष्मा पुसला, कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली चार नावं वाचली. "यांना वर घातले आहे." त्यातलं तिसरं नाव माझं होतं.

मी घरी धावत सुटलो. आईनं विचारलं, "पास व्हयना का रे?" मी "हो" म्हणालो. तिनं गूळ हातावर ठेवला. वडील स्टेशनावर पॉइंटमन होते. एरवी त्यांनी खोदून विचारलं असतं, पण त्यांच्या डोक्यात संप होता. 8 मेपासून देशभर रेल्वे बंद पडायची होती आणि पुढचा पगार हातात येईल की नाही याची चिंता. माझा पास त्या गडबडीत खपून गेला. पुढे कधीतरी त्यांना कळलंच. ते एवढंच म्हणाले, "शंटिंगमध्ये वाघीण ढकलली की पुढे जाते. पण तिला गाडी म्हणत नाहीत." मला आठवडाभर वाईट वाटलं. नंतर आंबे आले.

तरीपण गुरुजींविषयी माझ्या मनात एक देव्हारा तयार झाला. या माणसानं माझ्यासाठी सरकारी कागदावर खोटं लिहिलं! धर्मराजानं अश्वत्थामा मेला म्हणून सांगितलं, हत्ती की माणूस ते हळूच पुटपुटला, आणि जमिनीवरून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. आमच्या गुरुजींकडे सायकल होती, आणि ती पहिल्यापासूनच जमिनीवर असल्यामुळे त्यांना ते भय नव्हतं. तरीसुद्धा उपकार तो उपकार. तसं पाहिलं तर माझी जन्मतारीखही त्यांचीच देणगी. 1 जून. शाळा जूनमध्ये उघडते, पोरगं सहा वर्षांचं दिसतंय, लिहा 1 जून. माझ्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र 1 जूनला जन्मला आहे आणि म्हणूनच दर वर्षी 31 मेला सरकारी कचेऱ्यांतून नारळ आणि शाली कमी पडतात.

मास्तरकीची सनद घेऊन नोकरीला लागलो तेव्हा गुरुजींच्या पाया पडायला गेलो. निघताना धीर करून विचारलं, "गुरुजी, त्या वर्षी मला वर का घातलंत?" वाटलं, आता ते काहीतरी बोलतील आणि मी ते जन्मभर सांगत फिरेन. गुरुजींनी आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "अरे, खालून दुसरीतली पंचावन्न पोरं येत होती. तिसरीला बसकरं होती सहा. तुम्हाला तिथंच ठेवलं असतं तर बसवलं कुठं असतं?"

झालं. तेरा वर्षं ज्याला करुणा समजत होतो ते पुढल्या वर्षाचं नियोजन निघालं. बसकरांच्या हिशोबात मी एक वीतभर जागा होतो.

बाहेरच्या लोकांना वाटतं, एप्रिलमध्ये शाळेत परीक्षा सोडून काय असतं? अहो, असतं ते सगळं एप्रिलमध्येच. पेपर तपासायचे, निकालपत्रकं जुळवायची, पुस्तकांची मागणी, गावात फिरून जूनला कोण पोर पहिलीत येणार त्याची यादी, आणि डेडस्टॉकचं रजिस्टर. मोडकी खुर्ची निर्लेखित करायची तर तिची पाहणी होते, ठराव होतो, वरून मंजुरी येते. पोराला मात्र एका वर्षासाठी मोडीत काढायला कुणाचीच मंजुरी लागत नसे. लाल शाईचं पेन पुरत असे.

हे पेन माझ्या हातात आलं तेव्हा मी ठरवलं होतं की आपण बसकरं मोजायची नाहीत. आपण सत्य लिहायचं. नरडाण्याहून आगगाडीत बसलं की बेटावदच्या पुढे अमळनेर लागतं. तिथं प्रताप शेठजींनी 1916 साली चक्क तत्त्वज्ञानाचं मंदिर काढलं. कापसाच्या मुलखात एका व्यापाऱ्याला तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था काढावीशी वाटली, याचा आम्हां खानदेशी लोकांना अभिमान आहे. आत काय चालतं ते विचारू नका. मीही कधी आत गेलो नाही. पण त्या गाडीतच एका प्राध्यापकांनी मला कांट नावाच्या जर्मन गृहस्थाबद्दल सांगितलं होतं. 1797 साली त्यानं लिहून ठेवलं की खुनी माणूस दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारू लागला तरी त्याच्याशी खोटं बोलू नये. मला हा माणूस फार आवडला. त्याला तिसरीचा वर्ग कधी मिळाला नसावा, हे नंतर सुचलं.

1996 सालची गोष्ट. तेव्हा मी होतो त्या खेड्याचं नाव सांगत नाही. वर्गात एक मुलगी होती. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला जात. तिलाही नेत, धाकट्या भावाला सांभाळायला. परीक्षेच्या आठवड्यात ती परत आली, पायाला उसाच्या पाचटाचे ओरखडे घेऊन. जोडाक्षरं वाचता येईनात. गणिताचा पेपर कोरा. मी तोंडी विचारलं, "सतरा मोळ्या आणि अठ्ठावीस मोळ्या?" मी वाक्य संपवायच्या आत पंचेचाळीस म्हणाली. बापानं घेतलेल्या उचलीतले किती फिटले आणि किती उरले, तेही तिनं सांगितलं. पण लेखी ते लेखी. निकालाच्या बैठकीत चहाबरोबर भजी होती. हेडमास्तर म्हणाले, "घाला वर. शेकडा निकाल चांगला दिसेल." त्यांच्या त्या कारणानंच मला चीड आली. मी म्हणालो, "सर, खोटं लिहायचं नाही. एक वर्ष आणखी बसली तर तिचंच भलं होईल." आणि लाल शाईनं लिहिलं: 'तिसरीतच ठेवावे.' त्या दिवशी मला इतकं स्वच्छ वाटलं की विचारू नका. दोन भजी जास्त खाल्ली.

जूनमध्ये ती आली नाही. जुलैमध्येही नाही. मी घरी गेलो तर बाप म्हणाला, "गुर्जी, नापास पोरगी. आता काय शिकणार?" मी बरंच समजावलं. माझं बोलणं खरं होतं, पण माझीच लाल शाई त्याहून खरी होती.

त्याचा मी धसका घेतला आणि पुढली काही वर्षं दिसेल त्याला वर ढकलत सुटलो. म्हणून तिथं तरी पुण्य लागावं! त्यातला एक पोरगा पुढे सातवी पास होऊन नरडाण्याच्या फाट्यावर भेटला. पाया पडला. मला बरं वाटलं. तेवढ्यात एसटी आली. त्यानं पाटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "गुर्जी, ही शिरपूरची का धुळ्याची?" मी सांगितलं. दुसरं काय करणार?

2010 च्या एप्रिलमध्ये शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचंच नाही असं ठरलं. माझ्या डोक्यावरचं ओझं दिल्लीनं उचललं. लाल शाई गेली, अ-1 पासून इ-2 पर्यंत श्रेण्या आल्या, आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. तयार नोंदींची पुस्तकं बाजारात विकत मिळू लागली. 'प्रगती समाधानकारक', 'सरावाची आवश्यकता', 'चित्रकलेत रुची.' चाळीस पोरांना आम्ही चित्रकलेत रुची वाटून टाकली. शिवाय त्याच कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टाव्या मुलाला तिसरा असा हिशोब असल्यामुळे, एकसष्टावं मूल गावात कुठे आहे याचा शोध आम्ही एखाद्या हरवलेल्या राजपुत्रासारखा घेऊ लागलो. बसकरं पुन्हा मोजायला लागलो म्हणा ना. पुढे 2019 साली कायदा सैल झाला आणि 2023 मध्ये महाराष्ट्रानं पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा, नापासांना फेरपरीक्षा आणि तरीही न जमलं तर त्याच वर्गात, असं ठरवलं. मी त्याच वर्षी, अर्थात 31 मेला, निवृत्त झालो. पेन पुन्हा लाल व्हायच्या आत सुटलो.

पण सुटलो म्हणजे काय? माझी अडचण कायद्याची नाही. मला ज्यानं तारलं त्याच्या मनात माझा विचार नव्हता, जागेचा होता. ज्या मुलीला मी बुडवलं तिच्यासाठी माझ्या मनात तिच्याशिवाय दुसरा विचार नव्हता. निदान मला तसं वाटत होतं, आता खात्री देत नाही. 'मी किती खरा' हाही एक विचार तिथं भजी खात बसला होताच. हेडमास्तरांचं कारण हलकं होतं म्हणून मी त्यांचं काम नाकारलं. त्यांच्या हलक्या कारणानं ती चौथीत गेली असती.

शेवटच्या वर्षी माझी नेमणूक नरडाण्याजवळच होती. एप्रिल 2023. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या सर्वेक्षणाला घरोघर फिरत होतो. एमआयडीसीतल्या कारखान्यात नवरा कामाला, असं एक घर. बाईनं पाणी दिलं, सावलीत खाट टाकली. शेंडेफळ मुलगी दाराआडून बघत होती. जन्माचा दाखला, आधार कार्ड, सगळं पिशवीत तयार. आता 1 जून कुणी लिहीत नाही. मी रकाने भरत गेलो. बाईच म्हणाली, "गुर्जी, मला ओळखलं नाही का?" मी नाही ओळखलं. मग तिनं खेड्याचं नाव सांगितलं.

मी खाटेवरून उठलो की बसलोच राहिलो, आठवत नाही. काहीतरी बोललो असेन. ती हसली. तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्ही चांगलं शिकवायचे. मीच ढ होते." मी म्हणालो, "तू ढ नव्हतीस." ती म्हणाली, "नापास झाले ना मग."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फॉर्मकडे पाहिलं. पुढचा रकाना 'आईचे शिक्षण' असा होता. विचारायचं टाळून तसाच पुढे जाणार होतो, पण ती वाकून बघत होती. तिला तेवढं वाचता आलं.

"तिसरी नापास लिखा ना गुर्जी. खरं शे ते."

निळ्या शाईचं पेन होतं. मी लिहिलं: चौथी.