नाबोथाचा मळा आणि मुळशीची खाचरे



अहाब राजाने नाबोथाला द्राक्षमळ्याचा मोबदला देऊ केला होता, हे आपण सहसा विसरतो. याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख पैसे घे, असे तो म्हणाला (१ राजे २१). नाबोथाने नकार दिला, कारण ती वाडवडिलांची ठेव होती. ईजबेलचे कपट त्यानंतरचे. किंमत देऊ केली की जमीन घेण्याचा हक्क मिळतो का, हा प्रश्न त्याआधीच उभा राहतो.

आपल्या मावळाला तो नवा नाही. लोणावळा परिसरातल्या तलावांच्या पाण्यावर १९१५ पासून खोपोलीला वीज होऊ लागली आणि मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. पहिले महायुद्ध संपल्यावर टाटा कंपनीने शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरण घेतले. परक्या सरकारने १८९४ च्या कायद्याने एका कंपनीसाठी सुमारे पन्नास गावांची, भाताच्या खाचरांची जमीन घेतली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पुढे सेनापती बापटांनी त्यांचे नेतृत्व केले, तुरुंगवास भोगला.

सत्याग्रह नुसत्या पोलिसांनी मोडला नाही. कितीतरी जमीन पुण्याच्या सावकारांकडे अडकलेली होती आणि त्यांना मोबदला हवा होता. कसणारा कूळ बाजूलाच राहिला. सुतार-लोहाराचे बलुते खळ्यावर मिळायचे. खळे बुडाले की तेही बुडाले, आणि मोबदल्याच्या कागदावर त्याला रकाना नसतो. १९२४ अखेर चळवळ थंडावली, १९२७ मध्ये धरण पुरे झाले.

१९४२-४३ मध्ये जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडच्या झामोश्च भागातून लाखभर माणसे, बहुतेक आपलेच कॅथोलिक शेतकरी बांधव, हाकलली गेली. त्यांची शेते जर्मनांना वसवायला दिली. तिथे उघड बंदूक होती. मुळशीला त्या पंक्तीत बसवणे अतिशयोक्ती ठरेल. गाव विखुरले मात्र दोन्हीकडे.

वीज लोकांच्या हिताची होती, हे आम्ही नाकारत नाही. गिरण्यांत घाटावरची गरीब माणसेही राबत होती. पण संत थॉमस अक्वायनस बजावतात की हेतू सर्वांच्या हिताचा असला, तरी ओझे विषम वाटणारा कायदा अन्यायीच असतो. मुळशीत उजेड एकीकडे गेला आणि ओझे दुसरीकडे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने कुळे, शेतमजूर, कारागीर यांनाही बाधित कुटुंबांत धरले. ही मोठीच सुधारणा. मात्र दोघांतल्या साध्या खरेदीखताला असे काही बंधन नाही, आणि मावळात आज जमिनी बंगल्यांच्या प्लॉटसाठी खरेदीखतानेच जात आहेत. आपल्यातही विकणारे आहेत, घेणारे आहेत. शेताच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या झोपडी असलेले कातकरी कुटुंब सातबाऱ्यावर कुठेच नसते. ते कुठे जाणार, हे सही करण्याआधी दोघांनी बसून ठरवावे, आणि ठरवताना त्या कुटुंबालाही बोलवावे.