पहारेकऱ्याच्या बुटांची दुसरी जोडी

पावसाळ्यातलं स्वारगेट नजर खाली ठेवून पाहावं. भोर-वेल्ह्याच्या एसटीतून उतरणारे, भातलावणीच्या चिखलाने रापलेले पाय. फलाटावर पाणी मारून झाडणाऱ्या बाईच्या रबरी चपला. सोसायटीच्या ड्यूटीवर निघालेल्या सुरक्षारक्षकाचे काळे बूट तर सकाळी सातला भिजले की रात्री सातपर्यंत पायातून निघत नाहीत. यातल्या कितीतरी जणांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. करंगळीशेजारची कातडी पांढरी पडून फुगते, सोलवटते, भेगाळते; खाज सुटते, वास येतो. मेंदी किंवा हळद-खोबरेल लावून माणूस कामाला लागतो. याला आजार म्हणायचाही त्याला संकोच वाटतो.

नुसत्या पाण्यात राहूनही कातडी कुजते, पण ती कोरडी झाली की बरीचशी सावरते. बंद बुटात घाम आणि ओल कोंडली, त्यात ट्रायकोफायटॉन जातीची बुरशी शिरली, की मात्र ती मुक्काम ठोकते. मग नखांत जाते, टॉवेलवरून जांघेत जाते, एका खोलीत राहणाऱ्या चौघांत फिरते. मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत तर ती साधी भेग जंतूंना दार उघडून देते आणि पाय सुजून लाल होतो.

डॉक्टरांचा सल्ला अगदी बरोबर असतो. बेचके पुसून कोरडे ठेवा, मोजे रोज बदला, टॉवेल वेगळा ठेवा. टर्बिनाफिनचं मलम एक-दोन आठवडे किंवा क्लोट्रिमॅझोल सुमारे चार आठवडे लावा, खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका. औषध महागही नाही. पण जुलैमध्ये दहा बाय दहाच्या खोलीत भिजलेला बूट रात्रीत वाळत नाही. एकच जोडी असलेल्या माणसाने पाय कोरडे ठेवायचे कसे, याचं उत्तर कुठल्याही औषधाच्या चिठ्ठीवर नसतं.

मग तो बस सुटायच्या आधी औषधाच्या दुकानात शिरतो आणि ‘खाजेची ट्यूब’ मागतो. अनेकदा हातात पडते ती बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. बुरशी मात्र आत पसरत राहते, कारण तिच्याशी झगडणारी कातडीची ताकदच स्टेरॉइडने दाबलेली असते. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. तरीही ती चिठ्ठीविना विकली जातात. अंगावरच्या आणि जांघेतल्या नायट्यांत आज टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी देशभर आढळते. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी तिला नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. आपल्या देशाचं नाव त्यात आहे, याची मला खंत वाटते.

ट्यूब मागणाऱ्याला मी दोष देणार नाही. ज्याचे एका खाड्याचे पैसे कापले जातात, त्याला दवाखान्याची रांग परवडत नाही. चिठ्ठीविना ती ट्यूब देणारा दुकानदार मात्र दोषी आहे, कारण त्याला कळतं. आणि बूट सक्तीचे करून एकच जोडी देणारा मालकही दोषी आहे. हा मालक दरवेळी कुणी मोठा उद्योगपती नसतो. दरमहा मेंटेनन्स भरून पहारेकरी ठेवणारे आपणच तो असतो. एजन्सीकडे बोट दाखवून सुटका होत नाही. फाटकाशी पावसात उभा राहणारा माणूस आपल्यासाठी उभा असतो.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. पावसाळ्याआधीच्या सोसायटीच्या सभेत हा ठराव मांडा: प्रत्येक रक्षकाला आणि सफाई कामगाराला बुटांची दुसरी जोडी, सुती मोजे, आणि केबिनमध्ये बूट काढून पाय कोरडे करायची उघड मुभा. आणि त्यांच्यापैकी कुणाला चिखल्या झाल्याच, तर डॉक्टरकडे जायला पगारी अर्धा दिवस द्या.