शुद्ध कशाला म्हणावे?

गळ्यात माळ असली तरी माणसाच्या जिभेला हाड नसते, हे मी स्वतःवरूनच सांगतो.

गेवराई तालुक्यातील तलवाड्यास त्वरितादेवीचे देऊळ आहे. काही वर्षांपूर्वी तेथे दर्शनास गेलो असता एका शेतकऱ्याकडून मध आणला. सूर्यफुलाच्या रानात त्याने मधाच्या पेट्या ठेवल्या होत्या. दीड महिन्यात सगळी बाटली तुपासारखी थिजली. "लेकाचा साखरेचा पाक विकतो!" असे मी घरी म्हणालो, आणि पुढच्या खेपेस चारचौघांत त्याच्या तोंडावरही बोललो. तो बापडा एवढेच म्हणाला, "म्हाराज, सूर्यफुलाचाच हाय त्यो. थिजतोच." मला काही ते पटले नाही.

मागाहून जाणत्यांना विचारले, तेव्हा डोळे उघडले. मधात मुख्यतः दोन साखरा असतात, द्राक्षशर्करा आणि फलशर्करा. द्राक्षशर्करा जास्त असली की मध लवकर दाणे धरतो. सूर्यफुलाचा तसा, मोहरीचाही तसाच. बाटली कोमट पाण्यात ठेवावी, पुन्हा पातळ होतो. महाबळेश्वरकडचा जांभळाचा मध पाहा, काळसर आणि किंचित तुरट. ज्याचे फूल जसे, तसा त्याचा गुण! म्हणजे मी ज्याला लबाडीची खूण समजलो, ती त्या मधाची ओळखच होती.

आता कोणी म्हणेल, एका फुलाचा म्हणजे निव्वळ त्याचाच का? तर नाही. एक माशी एका खेपेत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते. पण पेटीत माश्या हजारो. कोणी पिकावर जाईल, कोणी बांधावरच्या बोरी-बाभळीवर. त्यांना कुंपण कोण घालणार? म्हणून आपल्या देशातल्या नियमात साधारणपणे १०० परागकणांत निदान ४५ एका फुलाचे असले, की त्या फुलाचे नाव मधाला देतात.

मग उरलेले ५५ अशुद्ध का? मला तसे वाटत नाही. बोरीचा कण माशीने आणला, तो आपसूक आला. पाक माणूस ओततो, आणि ओतून वर नाव मधाचे सांगतो. खोट आहे ती तिथे. ही दोन्ही एका तराजूत घालून मी त्या माणसाला चोर ठरवले होते.

परवा मुद्दाम तलवाड्यास गेलो. त्या रानात आता कपाशी होती, पेट्या नव्हत्या. तो ऊसतोडीला गेला होता. त्या दिवशीच्या चौघांपैकी तिघे पारावर भेटले. त्यांना सांगितले, माझे चुकले होते. एकजण म्हणाला, "हे त्याच्या देखत बोलाया पायजे होतं, बुवा."

आता तो गावी परतला की पुन्हा जायचे आहे.