क्रेडिट मोजल्याशिवाय आकडा लिहू नकोस

उभा राहा. शिष्यवृत्तीच्या अर्जात तू तिसऱ्या सत्राचा सरासरी श्रेणी-गुण, म्हणजे एसजीपीए, ८.२९ लिहिला आहेस. तुझ्या ऑनलाइन निकालाचा कागद माझ्यासमोर आहे आणि त्यावरून तो ७.७० येतो. छापील गुणपत्रिका यायच्या आधी अर्ज भरायचा होता, म्हणून तू स्वतः हिशोब केलास, इथपर्यंत ठीक. पण केलास काय? सात पेपरांचे सात श्रेणी-गुण मांडलेस, बेरीज केलीस, सातने भागलंस आणि मोकळा झालास. त्याच कागदावर शेजारी क्रेडिटचा रकाना आहे. त्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, गणित विषय घेऊन बसलेला मुलगा तू. आणि मागच्या बाकावर जे हसत आहेत त्यांनीही ऐकावं, कारण माझ्या टेबलावर तुमचेही अर्ज आहेत आणि त्यांतही हीच चूक आहे.

आता फळ्याकडे बघ. यूजीसीच्या दहा गुणांच्या पट्टीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ म्हणजे शून्य. तुझे चार-चार क्रेडिटचे तीन पेपर आहेत. भौतिकशास्त्रात ए, म्हणजे चार गुणिले आठ, ३२. गणितात बी, २४. तिसऱ्या पेपरात सी, २०. मग दोन-दोन क्रेडिटचे चार. प्रात्यक्षिकात ओ, २०. कौशल्याच्या पेपरात ओ, २०. भाषेत ए प्लस, १८. एनएसएसमध्ये ओ, २०. बेरीज १५४. एकूण क्रेडिट २०. एकशे चोपन्न भागिले वीस, ७.७०. यात पाचवीच्या पोराला न येणारं काय आहे? गुणाकार, बेरीज, एक भागाकार. दोन मिनिटांचं काम तू टाळलंस आणि चुकीच्या आकड्याखाली 'वरील माहिती सत्य आहे' म्हणून सही केलीस.

तुझे वडील लातूरच्या आडतीवर माल घालतात. समज, चाळीस क्विंटल सोयाबीन ४००० रुपयांनी गेलं आणि चांगल्या प्रतीचं दोन क्विंटल ५००० रुपयांनी. मला सरासरी साडेचार हजारांचा भाव मिळाला, असं ते घरी येऊन सांगतील का? एक लाख सत्तर हजारांची पट्टी हातात घेतील, बेचाळीसने भागतील आणि सांगतील की चार हजार अठ्ठेचाळीसच्या आसपास पडला. भावाला वजन असतं, हे त्यांना कुणी वर्गात शिकवलं नाही. तुला शिकवलं आहे. क्रेडिट म्हणजे पेपराचं वजन. ते न धरता काढलेली सरासरी हिशोबच नव्हे.

आणि हिशोब तुला येत नाही, हे मी मान्य करणार नाही. लातूरच्या ट्यूशन एरियात तू दोन वर्षं काढलीस. तिथं प्रत्येक सराव परीक्षेनंतर तुम्ही पोरं जिन्यात उभी राहून नीटचे गुण तोंडी काढायचात. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर उणे एक. म्हणजे येणारा प्रश्न चुकला की पाच गुणांचा फटका. हे गणित तुम्हाला झोपेतही यायचं. लातूर पॅटर्नचं नाव राज्यात झालं ते एकेक गुण असा तपासण्यामुळे. मग पदवीला आल्यावर ती सवय कुठं गेली? तेव्हा शिकवणीचे सर रोज गुणांची यादी लावत होते, म्हणून मोजत होतास. आता यादी लावणारं कुणी नाही, तर मोजणंच सोडलंस. मला राग त्याचा आहे. दुसऱ्याच्या धाकानं केलेला अभ्यास धाक संपताच संपतो आणि तू तेच सिद्ध करतो आहेस.

क्रेडिट हा आकडा विद्यापीठानं हवेतून काढलेला नाही. शिकवण्याच्या पेपरात एक क्रेडिट म्हणजे सत्रातले १५ तास. प्रात्यक्षिकात एका क्रेडिटला ३० तास. चार क्रेडिटचा पेपर तुझ्याकडून साठ तासिका मागतो, वर घरचा अभ्यास वेगळा. म्हणून क्रेडिट धरून मोजलं की तुझी मेहनत कुठं गेली ते स्वच्छ दिसतं. तुझ्या जड पेपरांची सरासरी वेगळी काढ. ७६ भागिले १२, म्हणजे ६.३३. हलक्या चार पेपरांची काढ. ७८ भागिले ८, म्हणजे ९.७५. बघ नीट. जिथं पेपराचं वजन जास्त आहे तिथं तू सहावर आहेस आणि जिथं कमी आहे तिथं जवळपास दहा. तुझ्या साध्या सरासरीनं हेच झाकलं. ती तुला गोड वाटली, कारण तिनं तुझी कमजोरी तुझ्यापासूनच लपवली. गणितात बीऐवजी ए मिळवला असतास तर एका झटक्यात ०.४० वाढले असते. भाषेत ए प्लसचा ओ केला असतास तर वाढले असते फक्त ०.१०. पुढच्या सत्रात रात्री दिवा कोणत्या पुस्तकापुढं लावायचा, हे त्या रकान्यात लिहिलेलं असतं. वाचणार कोण?

दुसरी चूक याहून वाईट आहे आणि ती तुमच्यातल्या तिघांनी केली आहे. पेपर राहिला की तो हिशोबातून काढूनच टाकायचा. एफला शून्य गुण आहेत, पण त्याचे क्रेडिट भाजकातून जात नाहीत. यूजीसीच्या सूत्रात सत्रात घेतलेल्या सगळ्या पेपरांचे क्रेडिट खाली येतात. याच मुलाचा तिसरा पेपर राहिला असता तर १३४ भागिले २०, ६.७० आले असते. तुमच्या रीतीनं १६ने भागलं तर ८.३८ येतात. म्हणजे सी मिळवून पास होण्यापेक्षा नापास होणं फायद्याचं ठरलं! असं उत्तर आलं तेव्हा पेन थांबायला हवं होतं. उत्तर शक्य आहे का, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याच्या हाती कॅल्क्युलेटर देऊन काय उपयोग? राहिलेला पेपर आकड्यांतून पुसता येत नाही, तो अभ्यास करूनच काढावा लागतो.

सीजीपीएत, म्हणजे सगळ्या सत्रांच्या एकत्रित सरासरीतही, तोच आळस. दोन सत्रांचे एसजीपीए घ्यायचे आणि दोनने भागायचं. दोन्ही सत्रांचे क्रेडिट सारखे असतील तर उत्तर जुळतं, म्हणून तुम्हाला वाटतं की रीतच बरोबर. समजा, एका सत्रात २२ क्रेडिटवर ६.५० आहेत आणि दुसऱ्यात २० क्रेडिटवर ७.७०. १४३ अधिक १५४, २९७. भागिले ४२, ७.०७. तुम्ही लिहिता ७.१०. पदव्युत्तर प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत एवढ्या फरकात किती नावं बसतात, ते जाऊन बघा आणि मग सांगा की एवढ्यानं काय होतं.

आता टक्केवारी. सीजीपीएला ९.५ने गुणा, हे तुम्हाला नेट कॅफेवाल्यानं सांगितलं. तो गुणक सीबीएसईच्या दहावीचा. २०१० ते २०१७ या काळात ते मंडळ दहावीला सीजीपीए देत होतं, तेव्हाचा. तुमच्या पदवीशी त्याचा काडीचा संबंध नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात ६.२५ला ५५ टक्के, ६.७५ला ६० टक्के धरले आहेत, म्हणजे सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणायचं. ७.७०चे त्या रीतीनं ६९.५ होतात. ९.५ने गुणलं तर ७३.१५. सरळ दहाने गुणलं तर ७७. एकाच मुलाच्या टक्क्यांचे तीन आकडे! यातला कोणता खरा हे तुम्ही ठरवायचं नाही, कॅफेवाल्यानंही नाही आणि मीही नाही. ज्या विद्यापीठाची पदवी, त्याच्या नियमात दिलेलं सूत्र चालतं. ते गुणपत्रिकेवर किंवा परिपत्रकात शोधायचं, सापडलं नाही तर परीक्षा विभागात लेखी विचारायचं. गावाकडे 'किती टक्के पडले?' असं विचारतील. म्हणून त्यांच्या समाधानासाठी सर्वांत मोठा आकडा सांगायचा, हे आई-वडिलांचा मान राखणं नव्हे. त्यांनी फी भरताना खोटी नोट दिली होती का?

तुमच्या गुणपत्रिकेवर ज्यांचं नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ स्वतः शिक्षक होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईला त्यांनी पोरं शिकवली, मग हैदराबाद मुक्तीचा लढा उभा केला. नांदेडचं हे विद्यापीठ सुरू झालं १७ सप्टेंबर १९९४ला, मराठवाडा मुक्तिदिनी. त्याआधी इथल्या मुलांचं विद्यापीठ औरंगाबादला होतं. आज विष्णुपुरीला परिसर आहे, लातूरला उपकेंद्र आहे, निकाल मोबाइलवर आहे. नवीन शैक्षणिक धोरणानं तर क्रेडिटला आणखी वजन दिलं. ४० ते ४४ क्रेडिटवर पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र, ८० ते ८८ वर पदविका, १२० ते १३२ वर तीन वर्षांची पदवी, १६० ते १७६ वर ऑनर्स. कमावलेले क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत तुमच्या नावे जमा होतात. इतकं दाराशी आलं असताना त्या खात्याची जमा तुम्हाला वाचता येऊ नये? ज्यांच्या घरात आधी कुणी पदवीधर नाही अशी तुमच्यात निम्मी मुलं आहेत. चुकीचा आकडा पकडायला घरी काका-मामा बसलेले नाहीत. म्हणून तुम्ही इतरांपेक्षा जास्त सावध असायला हवं. पडताळणीत अर्ज आणि गुणपत्रिका जुळली नाही की समोरचा बाबू तुमची गरिबीही पाहत नाही, हुशारीही पाहत नाही. अर्ज बाजूला टाकतो. त्या दिवशी 'सर, चुकून झालं' हे ऐकायला तिथं मी नसेन.

रागावलो आहे, कारण तू हे करू शकतोस. ज्याला येत नाही त्याला मी शिकवतो. ज्याला येतं आणि जो करत नाही, त्याला असंच बोलतो.

आता कामाचं. तू आजच संबंधित कार्यालयाला लेखी कळव की अर्जातला आकडा दुरुस्त करायचा आहे, आणि खरा आकडा दे. कमी दिसेल, दिसू दे. बाकी सगळ्यांनी उद्या वहीत चार रकाने आखून आणायचे. पेपर, क्रेडिट, श्रेणी-गुण, गुणाकार. पहिल्या सत्रापासून आजपर्यंतचा प्रत्येक पेपर त्यात हवा, राहिलेलाही. खाली दोन्ही बेरजा, भागाकार, दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर. मोबाइलवरचं ॲप नको, हातानं. त्याखाली चौथ्या सत्राचे पेपर क्रेडिटच्या उतरत्या क्रमानं लिहा आणि प्रत्येकासमोर आठवड्याचे किती तास देणार ते लिहा. चार क्रेडिटच्या पेपरासमोर दोन क्रेडिटच्या पेपराइतकेच तास दिसले, तर ती वही मी परत करीन आणि पुन्हा लिहून घेईन. बस खाली. पेन काढ.